परदेशातल्या लग्नाला जाताना: पाहुण्यांनी प्रवासाचं काय काय बघावं?

सांजवेळ
मंडळी, मामेबहिणीचं लग्न परदेशात ठरलंय. ठिकाण एक बेट आहे. आधी दोन विमानं, मग बोट. राहण्याची सोय मामांनी केली आहे, तिकीट आणि व्हिसा ज्याचं त्याने बघायचं आहे. ग्रुपवर निरोपांचा नुसता पाऊस पडतोय, पण सगळे कपड्यांचे आणि फोटोंचे. प्रवासाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला काळजी नेमकी त्याचीच आहे.

आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि आई. आईने सत्तरी ओलांडली आहे, इन्सुलिन घेते, गुडघे दुखतात. पण भाचीचं लग्न चुकवायचं नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय.

माझे दोन प्रश्न आहेत. नातेवाइकांचा मोठा गट मिळून एका एजंटाकडून तिकिटं काढतोय, लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पोचणारी. त्यांच्यासोबत जावं की आपलं आपण वेगळं? आणि तिकिटाच्याही आधी कशाकशाची खात्री करून घ्यावी? ठिकाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण घरातलं आणखी एक लग्न असंच बाहेर होण्याची चिन्हं आहेत. वेगवेगळ्या देशांचे अनुभव आले तर हवेच आहेत.

पायवाट
आधी चौघांचे पासपोर्ट बाहेर काढा आणि संपण्याची तारीख बघा. आजच, तिकिटं शोधायच्याही आधी. मुदत लग्नाच्या तारखेपर्यंत असून भागत नाही. इंडोनेशियासारखे बरेच देश पोचण्याच्या दिवसापासून पुढे ६ महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परतीच्या तारखेनंतर ३ महिने लागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांतच काढलेला असावा लागतो. मुदत कमी पडली तर चेक-इनलाच अडवतात, कारण नियमात न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि वर दंड एअरलाइनच्या माथी बसतो. तिथे विनवण्या चालत नाहीत.

मुलीचा पासपोर्ट जास्त बारकाईने बघा. लहान मुलांचे पासपोर्ट बऱ्याच देशांत कमी मुदतीचे असतात, आणि आपला ठीक आहे म्हणजे तिचाही असेल असं घरात धरून चालतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी आणि ज्येष्ठांनी इथे विशेष लक्ष द्यावं. गटाचं बुकिंग करणाऱ्याला नाव टाइप करून पाठवू नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा.

रानवारा
+१. कोरी पानंही बघा. दक्षिण आफ्रिकेसारख्या काही देशांना शिक्क्यासाठी पूर्ण कोरं पान लागतं.

किनारा
दोन विमानं म्हणालात म्हणून विचारते, दोन्ही एकाच बुकिंगवर आहेत का? हे एजंटाला स्पष्ट विचारा. स्वस्त पडावं म्हणून वेगवेगळ्या एअरलाइनची सुटी तिकिटं जोडून देतात आणि पाहुण्याला कळतही नाही.

एकाच बुकिंगवर असाल आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं हे एअरलाइनचं काम. सुटी तिकिटं असली तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं, बहुतेक वेळा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द. शिवाय सामान थेट शेवटपर्यंत जात नाही. मधल्या विमानतळावर इमिग्रेशन पार करून बॅगा घ्या, पुन्हा चेक-इन करा, म्हणजे मधल्या देशाचाही व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर एकाच बुकिंगवर असलात तरी सुटका नाही. नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशन पार करावं लागतं, त्यामुळे व्हिसा हवा, किंवा ज्या देशांच्या नागरिकांना सवलत आहे त्यांना एस्टा ही ऑनलाइन पूर्वपरवानगी. मेक्सिकोतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या लग्नांना जाणाऱ्यांची वाट बऱ्याचदा तिथूनच जाते, आणि लोक फक्त शेवटच्या देशाचा व्हिसा बघून निघतात. आमच्या एका जवळच्या नातलगांना अशाच कारणाने काउंटरवरूनच परत फिरावं लागलं. पुतण्याचं लग्न त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फार वाईट वाटलं सगळ्यांना.

मुशाफिर७
किनारा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण सुटी तिकिटं सरसकट वाईट नाहीत. मधल्या शहरात एक रात्र मुक्काम ठेवला आणि तिथला व्हिसा असला तर मी बिनधास्त घेतो. उलट लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना मध्ये एक रात्र झोप मिळणं मोलाचं आहे. दोन-तीन तासांच्या अंतराची सुटी तिकिटं मात्र नकोच.

किनारा
मुक्काम असेल तर माझी हरकत नाही. सांजवेळ यांच्या गटाचं वेळापत्रक वाचून तसं वाटलं नाही म्हणून लिहिलं.

गारवा
मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'आदल्या दिवशी दुपारी पोचणारी'. बेटावरच्या लग्नाला हे फारच घासून आहे. एक विमान हुकलं की पुढचं त्याच दिवशी असेलच असं नाही, आणि विमानानंतर बोट किंवा सीप्लेन असतं त्याचे नियम आणखी वेगळे. मालदीवमध्ये सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी उशिरा माले विमानतळावर उतरलात तर त्या दिवशीचं शेवटचं सीप्लेन गेलेलं असतं, मग रात्र तिथेच. त्यांची सामानाची मर्यादाही मोठ्या विमानापेक्षा कमी असते. लग्नाचे कपडे भरलेल्या बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी विचारून ठेवावं.

किमान दोन रात्री आधी पोचा. तीन टाइम झोन ओलांडत असाल तर शरीरालाही तेवढा वेळ हवाच असतो. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस धरा, आणि पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो. मांडवात पेंगायला लागू नये.

खोलीच्या तारखांमध्येही बरेच जण फसतात. विमान १२ तारखेला पहाटे २ ला उतरत असेल तर खोली ११ तारखेपासून हवी, कारण १२ ची खोली हातात येते दुपारी २-३ नंतर. आईंना पहाटेपासून दुपारपर्यंत लॉबीत बसवायचं का? यजमानांनी खोल्या ठरावीक तारखांना धरलेल्या असतात, आधीच्या रात्रीचं आपण वेगळं सांगावं लागतं.

दुपारचा_चहा
दोन रात्री आधी, लग्नाचे दोन-तीन दिवस, परतीचा प्रवास. नोकरी करणाऱ्याने एवढी रजा आणायची कुठून? आणि जादा रात्रींचे पैसे? बोलायला सोपं आहे.

गारवा
रजा कमी असेल तर लग्नानंतरचे दिवस कापा, आधीचे नको. लोक उलट करतात: लग्नाच्या तोंडावर पोचतात आणि नंतर चार दिवस फिरतात. लग्न झाल्यावर विमान चुकलं तर रजा वाढते. आधी चुकलं तर लग्नच जातं.

दुपारचा_चहा
हे पटलं. याचा विचार केला नव्हता.

उपचार
वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून आईंबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नसतं. शिवाय बॅग दुसऱ्याच देशात गेली तर औषधही गेलं. लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि निम्मं नवऱ्याच्या बॅगेत ठेवा. द्रव पदार्थांची १०० मिलिलीटरची मर्यादा औषधांना सहसा लागू होत नाही, पण सुरक्षा तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं: आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा. सुयांचा उल्लेखही असू द्या. वेळेत मोठा फरक पडत असेल तर डोस कधी आणि किती, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. हा हिशेब विमानात बसून आपल्या मनाने करायचा नाही.

सगळ्याच पाहुण्यांसाठी: औषधं मूळ वेष्टनातच न्या, डबीत सुटी करून नको. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात नियंत्रित असू शकते. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. सिंगापूरमध्येही कोडीनवर निर्बंध आहेत. जपानमध्ये सर्दीच्या काही औषधांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर चालत नाही, आणि एडीएचडीची (लक्ष टिकत नाही त्या विकाराची) ॲम्फेटामिन असलेली औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंद. त्या त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या साइटवर बघा, नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारू नका.

चार तासांहून लांबचा प्रवास बसून केला तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलं होतं. निरोगी माणसाला मुळात धोका फार लहान आहे, सुमारे ६,००० त एक. पण वय, जाड शरीर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भनिरोधक गोळ्या यांनी तो वाढतो. आईंना कडेची जागा घ्या म्हणजे मधूनमधून उठता येईल, बसल्या जागी पोटऱ्या हलवत राहू दे. दाबमोजे घालायचे का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

बेट उष्ण भागातलं असेल तर डेंग्यूचा डास दिवसा चावतो. नुसतं संध्याकाळी मलम लावून उपयोग नाही, सकाळपासून लावा. मलेरिया असलेल्या भागात जायचं असेल तर गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही काही काळ चालू ठेवाव्या लागतात. पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रमाणपत्र १० दिवसांनंतर ग्राह्य धरतात, मग ते आयुष्यभर चालतं. प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा.

आणि कुणी गरोदर असेल तर एअरलाइनचा नियम आधी वाचा. बहुतेक जण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बसू देत नाहीत. परतीच्या दिवशी किती आठवडे होतील ते मोजा.

सांजवेळ
उपचार, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद प्रिंट करून आईच्या फाइलीत ठेवतेय. पत्रासाठी डॉक्टरांची वेळही घेतली.

सुट्टीवर
आमच्याकडे इटलीत लग्न होतं, म्हणून शेंगेनबद्दल लिहिते. व्हिसा जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. बरेच पाहुणे लग्न एका देशात आणि फिरणं दुसऱ्या देशात ठेवतात आणि अर्ज चुकीच्या दूतावासात जातो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आणि उन्हाळ्यात अर्ज द्यायला जायची वेळच मिळत नाही, खरं घोडं तिथे अडतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, उपचार आणि परत आणण्याचा खर्च धरून.

यजमानांकडून निमंत्रणाचं पत्र मागून घ्या. छापील पत्रिका पुरत नाही. कुठे, कोणत्या तारखांना, राहण्याचा खर्च कोण करणार, पाहुण्याशी नातं काय, हे साध्या भाषेत लिहून सही. हॉटेलचं बुकिंग यजमानांच्या नावावर असतं, म्हणून तुमच्या खोलीचा पुरावा वेगळा लागतो.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मध्येच शेंगेनबाहेर पाय ठेवू नका. ग्रीसमधल्या लग्नाला गेलात आणि बोटीने दिवसभरासाठी तुर्कस्तानला जाऊन आलात, तर परत आत घेणार नाहीत. सायप्रस आणि आयर्लंड युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

कडूनिंब
खूप उपयोगी. आमचंही ग्रीसच आहे, आणि तुर्कस्तानची सहल यादीत होती!

पाऊलखुणा
बॅगेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. लग्नात घालायचा एक पूर्ण पोशाख, दागिने, औषधं आणि कागद हातातल्या बॅगेत. चौघं असाल तर प्रत्येकाचे कपडे चारही बॅगांत विभागून भरा, म्हणजे एक बॅग आली नाही तरी कुणी उघडं पडत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी तिथल्या सामान कक्षात तक्रार नोंदवून पीआयआर नावाचा कागद घ्या. मग हॉटेलात जा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक देशांत १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे. बॅग फुटली-फाटली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. तोवर घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा. भरपाईला मर्यादा आहे: डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही. चेक-इन बॅगेत दागिने टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुलीचीआई
थोडं यजमानांच्या बाजूनेही ऐका. आम्ही मुलीचं लग्न असंच बाहेर केलं. हॉटेलवाले आपल्यासाठी खोल्या एका तारखेपर्यंत धरून ठेवतात. त्या तारखेनंतर न घेतलेल्या खोल्या सुटतात किंवा त्यांचे पैसे आपल्याला भरावे लागतात, करार असेल तसं. 'बघू, जमलं तर येऊ' म्हणणाऱ्या पाहुण्यांनी आमची झोप उडवली होती. नाही म्हटलेलं खरंच चालतं हो. लवकर म्हणा, एवढंच.

आणि पोचण्याची वेळ, विमानाचा क्रमांक, बरोबर किती माणसं आणि किती बॅगा हे यजमानांना एकदाच, एकाच संदेशात लिहून पाठवा. विमानतळावरून नेणाऱ्या गाड्या आणि बोटी त्यावरच ठरतात. आमच्याकडे एक कुटुंब ठरल्यापेक्षा मोठं सामान घेऊन आलं आणि त्यांच्या बॅगा दुसऱ्या बोटीने मागून आणाव्या लागल्या. सगळे धक्क्यावर ताटकळले.

दुपारचा_चहा
'नाही म्हटलेलं चालतं' हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. पदरमोड करून, कर्ज काढून लोक जातात, कारण नातं बिघडेल अशी भीती. मला वाटतं लग्नघरच्यांनी पत्रिकेबरोबरच अंदाजे खर्च सांगावा, म्हणजे माणूस खुल्या मनाने ठरवू शकतो.

मुलीचीआई
मान्य. आम्ही सांगितला होता. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यावर आमचा काडीचाही राग नाही.

उनाड
तरुण मंडळींसाठी थोडं. लग्नाच्या आधी स्कूटर भाड्याने घेऊन भटकायचं असेल तर आपल्या परवान्यावर दुचाकी आहे का आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना आहे का, हे बघा. थायलंडमध्ये, बालीत पर्यटकांचे स्कूटर अपघात खूप होतात. योग्य परवाना नसेल तर विमा कंपनी दवाखान्याचं बिल नाकारते, मग तुम्ही कितीही सावकाश चालवत असा. जपानला रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्याचाच आंतरराष्ट्रीय परवाना चालतो.

स्कूबा केलंत तर लगेच विमानात बसायचं नाही. एकदाच खाली गेलात तर किमान १२ तास, अनेकदा गेलात तर किमान १८ तास थांबा. म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी डायव्हिंग नकोच.

आणि बॅगेत काय नाही न्यायचं: थायलंड, सिंगापूरमध्ये ई-सिगारेट चालत नाही. मोरोक्कोत ड्रोन विमानतळावरच काढून घेतात, नवरदेवाच्या मित्रांनी लक्षात घ्यावं. बार्बाडोस, जमैकासारख्या बेटांवर लष्करी छपाईचे कपडे नागरिकांना घालायला बंदी आहे, लहान मुलांच्या पँटसुद्धा. मालदीवमध्ये दारू आणि पूजेच्या मूर्ती आणता येत नाहीत. लग्नविधीसाठी मूर्ती न्यायचा विचार असेल तर आधीच यजमानांशी बोला.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंत विनापरवानगी. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, ती चालते.

रानवारा
लष्करी छपाईचं पहिल्यांदाच ऐकलं. भाच्याची आवडती पँट घरीच राहणार आता, रडारड होणार :)

समुद्रपक्षी
सनस्क्रीनचंही तसंच. प्रवाळांना इजा करणारी ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन पलाऊत चालत नाहीत, थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही २०२१ पासून बंद आहेत, हवाईत विकायला बंदी आहे. झिंक ऑक्साइडवाली घ्या, सगळीकडे चालते.

बालीला मार्चमध्ये लग्न असेल तर न्येपी या तिथल्या मौनदिवसाची तारीख बघा. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. फार सुंदर दिवस असतो तो, रात्री बेटावर दिवे नसल्याने आकाश विलक्षण दिसतं. पण त्या दिवशीचं तिकीट काढायला जाऊ नका.

पायवाट
विषय निघालाच आहे तर विम्याचं सांगतो. तिकीट काढल्या दिवशी विमा घ्या, निघायच्या आठवड्यात नको. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता, हजारो लोक अडकले. संकट एकदा बातमीत आलं की त्यानंतर घेतलेला विमा त्या संकटाला लागू होत नाही. चक्रीवादळांचंही तेच. कॅरिबियनचा वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्या काळातलं लग्न असेल तर विम्याशिवाय जाऊच नये. आईंचा मधुमेह अर्जात न चुकता लिहा. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरतो. आणि यजमानांनी लग्नच पुढे ढकललं तर तुमच्या तिकिटाचे पैसे मिळतात का, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत.

दुपारचा_चहा
कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, स्थानिक चलनात की तुमच्या चलनात? नेहमी स्थानिक. दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, पण दर दुकानाची यंत्रणा ठरवते आणि तो महाग असतो. एटीएमवरही हेच.

कडूनिंब
व्हिसा, आगमन अर्ज हे सरकारी साइटवरूनच भरा. थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज मे २०२५ पासून सक्तीचा आहे आणि फुकट आहे, तरी त्याचे पैसे घेणाऱ्या हुबेहूब साइट आहेत. पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचा. गटात एकाने बसून सगळ्यांचा भरला की ज्येष्ठांना त्रास नाही.

मुशाफिर७
मूळ प्रश्नाकडे परत येऊ या, गट की वेगळं? गटाची तिकिटं साधारण दहा माणसांपासून मिळतात. भाडं ठरलेलं राहतं आणि नावं नंतर देता येतात, हे चांगलं. पण त्यातल्या एकालाच तारीख बदलायची असेल तर सहसा जमत नाही, जागाही आधी निवडता येत नाहीत. चार वर्षांची मुलगी आणि आजी दोन टोकांना बसल्या तर? आणि अख्खं लग्नघर एका विमानात असलं की उशीरही सगळ्यांना एकदमच.

सांजवेळ यांनी माझ्या मते वेगळं बुकिंग करावं, एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं, दोन रात्री आधी. गटातलं आणखी एखादं कुटुंब बरोबर आलं तर उत्तम, आईंना गप्पांना माणसं मिळतील.

किनारा
अनुमोदन. आणखी एक, तुम्ही आणि मिस्टर वेगवेगळे परतणार असाल आणि मुलगी एकाच पालकाबरोबर असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र सोबत ठेवा. काही देशांत सीमेवर विचारतात.

सांजवेळ
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल एजंटाला विचारलं तर कळलं की गटाची दोन विमानं खरोखरच सुटी होती, मध्ये तीन तास. मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा चार कुटुंबांनी बेत बदलला. आम्ही आता दोन रात्री आधी पोचणार, एकाच बुकिंगवर. मुलीच्या पासपोर्टला परतीनंतर चारच महिने उरत होते. नव्यासाठी अर्ज केला. मामांना जादा रात्री सांगितल्या, ते उलट खूश झाले.

एक शंका राहिली. आईसाठी विमानतळावर व्हीलचेअर घेणार आहोत. पण पुढच्या बोटीचं काय?

गारवा
व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. मधल्या विमानतळावरही हवी हे वेगळं सांगा, आणि पायऱ्या चढता येतात की नाही तेही. त्याप्रमाणे विमानाच्या दारापर्यंत लिफ्टची गाडी आणायची का हे ठरतं.

मुलीचीआई
बोटीचं हॉटेललाच विचारा, एजंटाला नको. तरंगता धक्का आहे की पायऱ्या, बोटीत चढायला फळी असते की उडी मारावी लागते, आणि किनाऱ्यावर थेट वाळूत उतरवतात का. भरती-ओहोटीने उंची बदलते, म्हणून कोणत्या वेळेची बोट आईंना सोपी जाईल हेही विचारा. आमच्या सासूबाईंसाठी हॉटेलने मोठी बोट पाठवली होती, पण आठवडाभर आधी कळवलं म्हणून.

सांजवेळ
हॉटेलला आत्ताच मेल केला, धक्क्याचा फोटोही मागवलाय. उत्तर आलं की इथे टाकते.